घूसमामांचे सरळ बोगदे

मामा कुणाच्याही घरी गेले की चप्पल काढायच्या आधी अंगणात टाचेनं दोनदा जमीन ठोकायचे. मग मान तिरकी करून थोडा वेळ थांबायचे आणि समोरच्याला सांगायचे, "वर माती, खाली मुरूम. त्याच्या खाली मांजऱ्या लागंल." मांजऱ्या म्हणजे मुरूम आणि पाषाण यांच्या मधला, टिकावाला दाद देईल न देईल असा खडक. घरचा माणूस बिचारा 'या, बसा' म्हणायला पुढं आलेला असायचा. आपल्या अंगणाखाली काय आहे याच्याशी त्याला काही घेणंदेणं नसायचं. लग्नाचा मांडव असो की दुखवट्याचं घर, मामांची टाच आधी बोलायची. एकदा बँकेत त्यांनी फरशीवर टाच आपटली तेव्हा रखवालदार धावत आला. मामा त्यालाच समजावून सांगू लागले, "भराव टाकलाय रं खाली. खचंल एखाद्या दिवशी." बँक अजून उभी आहे.

हे अंदाज निम्म्या वेळा खरे निघत. उरलेल्या वेळी मामांकडं उत्तर तयार असे. मुरूम सांगितला आणि खडक लागला, तर तो आदल्या दिवशीच तिथं येऊन बसला असावा अशा रागानं ते त्याच्याकडं बघायचे आणि म्हणायचे, "म्या चुकलो न्हाई, जमीन वाकडी हाय." हे वाक्य डिंगोऱ्यापासून शिनोलीपर्यंत लोकांना पाठ होतं. आमच्या घरात भाजीत मीठ जास्त पडलं तरी कुणीतरी म्हणतंच, जमीन वाकडी आहे. पुढं 'न्हाई' न लावता नुसतं 'चुकलो' मामांच्या तोंडून कुणी ऐकलेलं नव्हतं. मामींना विचारलं तर त्या म्हणायच्या, "लग्नात नाव घ्यायला चुकले व्हते. तवा बी म्हनले, भटजी मधी बोलले."

मी नारायणगावात शेतीच्या पाइपांचं दुकान चालवतो. आमच्या भागात देवाची एक खोड आहे. तो विहीर रस्त्याच्या एका बाजूला देतो आणि जमीन दुसऱ्या बाजूला. डांबरी रस्ता फोडायला बांधकाम खातं परवानगी देत नाही, खालून जा म्हणतं. मग रस्त्याखालून बोगदा काढायचा, त्यात सिमेंटचे नळे सरकवायचे आणि त्या नळ्यांतून पाइप पलीकडं न्यायचा. पाइप माझा आणि बोगदा मामांचा, अशी आमची वर्षानुवर्षांची जोडी होती. घूस जशी बांध पोखरते तसे हे रस्ते पोखरतात, म्हणून लोक त्यांना मागं घूसमामा म्हणत. मामांना ते ठाऊक होतं आणि त्यांना त्याचं वाईट वाटत नव्हतं. उलट एकदा मला म्हणाले, "घुशीला कोन नकाशा काढून देतं, शेट? तरी बरुबर कनगीतच निघती का न्हाई?"

मामांचे वडील मेंढरं राखायचे. पावसाळा संपला की कळप घेऊन खाली कोकणाकडं उतरायचं आणि उन्हाळ्याच्या शेवटी परत यायचं, असं त्यांचं लहानपण गेलं. पुढं मेंढरं गेली, डिंगोऱ्यात थोडी जमीन झाली, पण मापं मेंढरांचीच राहिली. "बोगदा केवढा करू?" याचं उत्तर मामा फुटांत देत नसत. "एक मेंढी ऐसपैस जाईल" म्हणजे एका पाइपलाइनपुरता. "दोन मेंढ्या शेजारून जात्याल" म्हणजे तिघा-चौघांनी मिळून काढायचा. शेतकऱ्यांना ही भाषा कळायची. अडचण माझी व्हायची, कारण नळे मागवताना कारखान्याला मेंढीचा व्यास सांगता येत नव्हता.

तरुणपणी मामा हे काम टिकाव-फावड्यानं करायचे. एका कुशीवर आडवं पडून खणायचं आणि माती पायानं मागं लोटायची. पुढं खांदे बोलायला लागले तेव्हा त्यांनी छोटा पोकलेन घेतला. मोठ्या पोकलेनचं पोर शोभावं इतका लहान, अंगणात उभा केला तर कोंबड्या त्याच्या पट्ट्यावर जाऊन बसत. लोक त्याला पिल्लू म्हणायचे. मामा कोकरू म्हणायचे. आणल्या दिवशीच त्यांनी त्याच्या डोक्यावरचा टप काढून टाकला, कारण टपासकट ते बोगद्यात शिरत नव्हतं. त्या टपाखाली मामींनी पुढं शेळी बांधली. सीटवर बसून, गुडघे हनुवटीला टेकवून, मान खाली घालून मामा बोगद्यात शिरले की आधी मशीन दिसेनासं व्हायचं, मग मामा, आणि शेवटी त्यांची पांढरी टोपी.

आत डिझेलचा धूर कोंडतो, म्हणून हवा लागते. त्यासाठी मामांनी द्राक्षांवर औषध मारायचा एक जुना ब्लोअर मिळवला होता. ट्रॅक्टरवर तो चालू करायचा आणि बोगद्याच्या तोंडाशी लावून वारा आत सोडायचा. ब्लोअर कितीही धुतला तरी त्याच्या टाकीतला औषधाचा वास गेला नाही. मामा बाहेर यायचे ते द्राक्षबागेसारखा वास घेऊन. मी त्यांना म्हणायचो, मामा, तुम्हाला द्राक्षांवरची भुरी नाही होणार कधी. त्यावर ते गंभीरपणे म्हणायचे, "न्हाईच झाली अजून." खोदलेला मुरूम लोखंडी पाटावर भरायचा आणि पाट तारेनं बाहेर ओढायचा, हे काम त्याच ट्रॅक्टरवाल्याचं. मोठ्या मशीनवर बसणाऱ्यांबद्दल मामांना फारसा आदर नव्हता. "डोक्यावर आभाळ दिसतंय त्यांला," ते म्हणायचे, "त्यात काय अक्कल लागती?"

आता मुख्य गोष्टीकडं येतो. मामांचे बोगदे डावीकडं जायचे.

ही निंदा नाही, मी मोजलेलं आहे. रस्त्याच्या अलीकडून शिरले की पलीकडं निघेपर्यंत मामा दोन हात डावीकडं सरकलेले असत. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकत चालला होता आणि डोळा दाखवायला ते तयार नव्हते. डाव्या डोळ्यानं जेवढं दिसेल तेवढ्या दिशेनं कोकरू चालायचं. मशीन घेतल्यानंतरच्या पहिल्याच कामात ते एका भल्या माणसाच्या उसात निघाले. पाइप जोडायला मला दोन बेंड, म्हणजे वळणाचे जोड, जादा द्यावे लागले. मामांनी उसाकडं बघितलं, आभाळाकडं बघितलं आणि जमीन वाकडी असल्याचं जाहीर केलं. त्या माणसानंही मान हलवली. तोंडावर कोण सांगणार? मामा भांडखोर नव्हते, पण मनाला लावून घेणारे होते. ते एकदा रुसले की रानात जाऊन बसायचे आणि जेवायच्या वेळेलाही परत यायचे नाहीत.

त्यानंतरची कामं मात्र बरोबर होऊ लागली. मला नवल वाटायचं. एकदा मी पाइप उतरवायला स्वतः गेलो होतो तेव्हा उलगडा झाला. मामांची पद्धत अशी. अलीकडं एक खुंटी ठोकायची, रस्ता ओलांडून पलीकडं जिथं निघायचं तिथं दुसरी ठोकायची, आणि मग चहा प्यायला जायचं. दिशा धरायची ती चहानंतर. चहाशिवाय त्यांना नजर येत नसे म्हणे. मामा हॉटेलाकडं वळले आणि पलीकडं छत्री घेऊन बसलेल्या मामी उठल्या. त्यांनी खुंटी उपटली, दोन हात उजवीकडं नेली आणि दगडानं ठोकली. मी बघतोय हे त्यांच्या लक्षात आलं. "शेट, तुमी पाइप मोजा," त्या म्हणाल्या. "हिकडं बघू नका."

मामा चहा पिऊन आले. त्या खोट्या खुंटीवर नजर धरून त्यांनी कोकरू लावलं आणि आत गेले. टोपी दिसेनाशी झाल्यावर मामींनी खुंटी काढून पहिल्या भोकात पुन्हा ठोकली आणि छत्रीखाली मेथी निवडायला घेतली. दुपारी मामा पलीकडं निघाले ते बरोबर खुंटीच्या पायाशी. घामानं आणि मुरुमानं लाल झालेला चेहरा वर काढून त्यांनी विचारलं, "आलो का न्हाई खुंटीला?" मामी मेथीतून मान वर न करता म्हणाल्या, "आला."

हळूहळू हे सगळ्यांना कळलं. दोन तालुक्यांत ते फक्त मामांना माहीत नव्हतं. काम ठरवायला आलेला शेतकरी माझ्याकडं हळूच चौकशी करायचा, "मामी येनार हायेत ना?" मामींकडं पाहुणे असले की काम पुढं ढकललं जायचं. मामांना याचं कौतुक वाटायचं. त्यांची समजूत होती की लोकांना मामींचा ठेचा आवडतो. ते बायकोला सांगायचे, "तुझ्या ठेच्यासाठी लोकं थांबत्यात बघ. कामाचं काय, मी एकटा बी केलं असतं." मामी ठेचा वाटत राहायच्या. मी मामींना एकदा विचारलं, दर वेळी उन्हात जाऊन बसता, सरळ सांगून का टाकत नाही? त्या म्हणाल्या, "मेंढरं गेली तवा त्यांचा बाप वरीसभर कुनाशी बोलला न्हाई. ह्यांच्याकडं आता हे एकच हाय, खुंटीला येनं. ते मी कशी काढून घेऊ?"

असं सगळं सुरळीत चालू असताना मामांनी एक आगाऊपणा केला. त्यांनी डोळ्याचं ऑपरेशन करून घेतलं.

लेकीनं हट्ट धरला, जावयानं गाडी आणली आणि मामा मंचरच्या दवाखान्यात जाऊन मोतीबिंदू काढून आले. महिनाभर काळा चष्मा लावून दारात बसले. चष्मा निघाल्यावर त्यांना लांबूनच बसची पाटी वाचता यायला लागली आणि ते दिसेल त्याला पाट्या वाचून दाखवू लागले. मला म्हणाले, "शेट, तुमच्या दुकानाच्या बोर्डावर कोळ्याचं जाळं हाय. किती वर्सं हाय ते?" होतंच ते तिथं. त्यांना आता दिसलं.

ऑपरेशननंतरचं पहिलं काम शिनोलीचं निघालं. तिथं तात्या म्हणून एक बागायतदार आहेत. विहीर रस्त्याच्या खालच्या अंगाला, टोमॅटोची लागण वरच्या अंगाला, नेहमीचंच दुखणं. मामांनी खुंट्या ठोकल्या, चहाला गेले. मामींनी सवयीनं खुंटी दोन हात उजवीकडं नेली. मामा आत गेल्यावर परत जागेवर आणली. सगळं रीतीप्रमाणं झालं. तात्या आणि गावातली चार माणसं खुंटीभोवती उभी होती. जमिनीखालून घरघर जवळ येत होती, पण ती खुंटीकडं न येता उजवीकडं चालली होती. उजवीकडं तात्यांचा शेणखताचा खड्डा होता. वर्षभराचा उकिरडा त्यात साठलेला. सगळ्यांच्या नजरा तिकडं वळल्या तोवर उकिरड्याच्या मध्यभागी एक खळगा पडला, आणि बघता बघता तात्यांचं खत खाली जाऊ लागलं. आत कोकराची घरघर बंद झाली. ट्रॅक्टरवाल्यानं तार ओढली, तसे अलीकडच्या तोंडातून मामा मुरुमाच्या पाटावर बसून पाठमोरे बाहेर आले. टोपीपासून चपलेपर्यंत शेणखत. लागलं काही नव्हतं.

लोक हसले. मीही हसलो असतो, पण मामांनी काहीच म्हटलं नाही. जमीन वाकडी आहे असंसुद्धा म्हटलं नाही. तात्यांच्या हौदावर हातपाय धुतले, कोकरू बाहेर काढलं, ट्रॉलीवर चढवलं आणि डिंगोऱ्याला निघून गेले. मग मला हसू आलं नाही.

दोन दिवसांनी मामा दुकानात आले. आत येताना टाच आपटली नाही. म्हणाले, "शेट, कोकराला गिऱ्हाईक बघा."

"का हो मामा?"

"हात गेला. डोळा आला आन हात गेला. आता मी माती वढायचं मशीन चालवून काय करू?" मी समजूत घालू लागलो तर ते उठून गेले. बाजारात तोवर वेगळीच चर्चा होती. मामींनी खुंटी जास्त सरकवली, बाईमाणसाला माप कळत नाही, असं लोक म्हणत होते.

आठवड्याच्या बाजाराला मामी एकट्या आल्या. भाजीची पिशवी काउंटरवर ठेवली आणि सरळ विषयाला हात घातला. "शेट, खुंटी मी दर वक्ताला सरकवती तेवढीच सरकवली व्हती. त्यांचा डोळा केलाय. ते आता सरळ जात्यात." एवढी साधी गोष्ट आमच्यापैकी एकाच्याही ध्यानात आली नव्हती. मामांचा आयुष्यातला पहिला सरळ बोगदा आम्ही सगळ्यांनी मिळून उकिरड्यात घातला होता. मी म्हणालो, मग सोपं आहे, पुढच्या कामाला खुंटीला हात लावू नका, ते बरोबर येतील आणि सगळं मिटेल. मामी म्हणाल्या, "ते सीटवर बसाया तयार न्हाईत. परवा एक गिऱ्हाईक मशीन बघून गेलं. सांगितलं तर मानूस मोडंल आन न्हाई सांगितलं तर मशीन जाईल. मशीन गेलं तर मानूस तसा बी मोडनारच हाय. मग सांगतेच."

सांगायची जागा त्यांनी माझं दुकान ठरवलं. कारण विचारलं तर म्हणाल्या, "घरात सांगितलं तर उठून रानात जात्याल. हितं चार मानसं येत-जात असत्यात, उठायला लाज वाटंल." बायकोनं नवऱ्याला ओळखावं ते असं.

दुसऱ्या दिवशी दोघं आले. मामा ठिबकच्या नळीच्या भेंडोळ्यावर बसले. मामी उभ्याच राहिल्या. म्हणाल्या, "आवं, तुमचा हात गेला न्हाई. खुंटी मी सरकवली व्हती."

"कवा?"

"दर वक्ताला. तुमी चहाला गेला की."

मामा आधी हसले. त्यांना चेष्टा वाटली. मग त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि मी घाईघाईनं पाइपांवरचे शिक्के वाचू लागलो. तेवढ्यावरून त्यांना कळलं. "तुमाला बी ठावं व्हतं, शेट?" मी मान हलवली. "आन कुनाकुनाला?"

"कुनाला न्हाई ते इचारा," मामी म्हणाल्या.

एक गिऱ्हाईक येऊन चिकटपट्टी घेऊन गेलं. मग मामा अगदी हळू आवाजात म्हणाले, "म्हंजी म्या उभ्या जन्मात एकदा बी सरळ गेलो न्हाई?"

"गेला की," मामी म्हणाल्या. "एकदा गेला. उकिरड्यात."

मला हसू दाबता येईना म्हणून मी गोदामात गेलो. परत आलो तेव्हा मामी डोळा कसा केला, नजर कशी आली, खुंटी कशी उजवीकडं पडली हे बोटांनी काउंटरवर रेघा ओढून समजावत होत्या आणि मामा शाळेतल्या मुलासारखे त्या रेघांकडं बघत होते. समजावून झालं तरी ते उठले नाहीत. म्हणाले, "मला वाटायचं तू तंबाखूवर ध्यान ठिवाया येती."

"ते बी व्हतंच," मामी म्हणाल्या.

"लई ऊन असायचं गं," मामा म्हणाले. एवढंच. मग माझ्याकडं वळून, "त्या गिऱ्हाइकाला सांगा, कोकरू इकायचं न्हाई. आन उद्या गाडी काढा. शिनोलीला जायाचं."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं माझ्या पिकअपमधून शिनोलीला गेलो, मागून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर कोकरू. वाटेत मी मनातल्या मनात मामांचं भाषण रचत होतो. आयुष्यात पहिल्यांदा मामा खरोखर बरोबर होते. त्यांचा बोगदा दोरी धरल्यासारखा सरळ गेला होता आणि हे सिद्ध करायला तो बोगदा अजून तिथं होता. इतकी वर्षं वाकड्या जमिनीवर भागवणाऱ्या माणसाला आज सरळ जमीन सापडली होती. तो किती बोलेल याची मला काळजी होती.

तात्यांच्या खळ्यावर माणसं जमली. तात्या तसे सज्जन, पण खत गेलं होतं आणि टोमॅटोची रोपं पाण्यावाचून माना टाकायला लागली होती. त्यांनी मामांना खुर्ची दिली. मामींना कुणी बस म्हटलं नाही. तात्या म्हणाले, "मामा, तुमच्यावर आमचा राग न्हाई. तुमी हुशार मानूस. पर खुंटीला बाईमानसाचा हात लागला की असंच व्हायचं. सगळ्यांला ठावं हाय, तुमच्या म्होरं बोलत न्हाईत एवढंच. मामींना घरी ठिवा आन काम तुमी करा."

मामी पायाच्या अंगठ्यानं माती उकरत उभ्या होत्या. मी मामांकडं बघितलं. आता ते बोलणार, डोळा, ऑपरेशन, खुंटी, सगळं सांगणार. तात्यांनी तर दार उघडून दिलं होतं. बायकोवर ढकलायचीसुद्धा गरज नव्हती, लोकांनी आधीच ढकललं होतं. मामांनी नुसतं गप्प बसायचं होतं आणि त्यांचा हात, नाव, मशीन सगळं जागच्या जागी येणार होतं.

मामा खुर्चीवरून उठले. म्हणाले, "तात्या, खुंटीला कुनी हात लावला न्हाई. खुंटी जाग्यावर व्हती. म्या चुकलो."

तिथं उभ्या असलेल्या प्रत्येकानं मामींना खुंटी सरकवताना कधी ना कधी बघितलेलं होतं. आणि त्यातल्या एकानंही मामांना नुसतं 'चुकलो' म्हणताना ऐकलेलं नव्हतं. ट्रॅक्टरवाल्यानं तोंडातली काडी काढून हातात धरली. मामा पुढं म्हणाले, "अंदाज माझा चुकला. खताचं बघून घेतो. आन बोगदा आज नव्यानं काढतो. खुंटी मात्र हीच मारनार, हिच्याच हातानं. चालत नसंल तर दुसरा मानूस बघा."

तात्यांनी मामींसाठी दुसरी खुर्ची मागवली.

बोगदा त्या दिवशी सुरू झाला आणि दुसऱ्या दिवशी पलीकडं निघाला. मामींनी खुंटी ठोकली ती एकदाच. त्या दिवसानंतर मामांनी कामं केली, सगळी सरळ केली आणि आमची मोठी पंचाईत झाली, कारण आता त्यांना चिडवायला काही उरलं नाही. पुढं मोठ्या कंत्राटदारांची गलेलठ्ठ पगाराची माणसं आली, रस्त्याच्या कडेला उभं राहून पडद्यावर बघत जमिनीखाली सळई सारणारं यंत्र घेऊन. मामा ते बघायला मुद्दाम गेले होते. परत आल्यावर मला म्हणाले, "काम सुबक हाय. पर आत मानूसच न्हाई, शेट. मग त्यो बोगदा कुनाचा म्हनायचा?" हायवेच्या कडेला ते यंत्र दिसलं की मी गाडी हळू करतो आणि आत कुणी नाही हे माहीत असून बोगद्याच्या तोंडाशी बघतो.

गेल्या हिवाळ्यात मामा गेले. सकाळी जुन्या, रिकाम्या मेंढवाड्याजवळ शेकोटीला बसले होते, बसल्या जागीच गेले. दशक्रियेला नदीच्या घाटावर ही गर्दी. दोन्ही तालुक्यांतली, ज्यांच्या ज्यांच्या रानात मामांच्या बोगद्यातून पाणी गेलं होतं ती सगळी माणसं. आमच्याकडं दशक्रियेला भाषणं होतात. एका पुढाऱ्यानं माइक हातात घेतला आणि मामांना तो फारसा ओळखत नसल्यामुळं मोकळेपणानं बोलला. म्हणाला, "मामांनी आयुष्यात एकही बोगदा वाकडा काढला नाही." मी घाबरून इकडं तिकडं बघितलं. एवढ्या माणसांत कुणीतरी हसेल असं वाटलं. कुणीही हसलं नाही. ज्याच्या उसात मामा निघाले होते तो शांत बसला होता. शिनोलीचे तात्या तर डोळे मिटून मान डोलवत होते. मला त्या क्षणी त्या सगळ्या माणसांबद्दल फार प्रेम वाटलं.

भाषणं संपल्यावर मी मामींकडं गेलो. म्हणालो, "मामी, लोक चांगलं बोलले."

"बोलूद्या," त्या म्हणाल्या. "सरळ-वाकड्याचं मला काय करायचं, शेट? शिनोलीत चारचौघांत उभं ऱ्हाऊन चुकलो म्हनले. उभ्या जन्मात एकदाच म्हनले, आन ते बी खोटं. माझ्यासाठी खोटं बोलले ते."